त्यांचा आवाज, माझे कान

जुना बोलपट पाहून झाला की आपण बहुधा दोन वाक्ये बोलतो. अभिनय फार नाटकी होता, आणि आवाज नीट ऐकू येत नव्हता. समोर कुणी वडीलधारे असले तर ‘पण त्या काळाच्या मानाने चांगलंच म्हणायचं’ असे तिसरे वाक्य जोडतो. ही तिन्ही वाक्ये मीही वर्षानुवर्षे बोलत आले आहे. मराठी चित्रपटावर माझे प्रेम आहे, त्यावर मी लिहिते, तरुणांना जुने चित्रपट पाहा म्हणून आग्रह करते. म्हणूनच या तीन वाक्यांची झडती घेणे मला भाग आहे. ती खरी आहेत का? आणि खरी असतील तर कुणाबद्दल? त्या नटांबद्दल, त्यांच्या हातातल्या यंत्राबद्दल, मधे गेलेल्या नव्वद वर्षांबद्दल, की माझ्याबद्दल?

सुरुवात ‘आलम आरा’पासून करते. अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीचा हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. जुबेदा नायिका, मास्टर विठ्ठल नायक. विठ्ठल हा मूकपटांतला लोकप्रिय मराठी नट. हिंदी-उर्दू संवाद त्याला पेलेनात, म्हणून त्याचे पात्र बराच वेळ गुंगीत दाखवले, ही हकिकत चित्रपटावर बोलणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी असते. माझ्याही असते. पण या चित्रपटाची एकही प्रत आज उरलेली नाही. छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत, चित्रपट नाही. मग विठ्ठल कसा बोलला, जुबेदा कशी गायली, याबद्दल आपल्याला वाटणारी खात्री कुठून येते? हकिकत खरी असेलही, पण न ऐकलेल्या आवाजाला नाव ठेवण्याचा अधिकार तिच्यातून मिळत नाही. पहिल्या बोलपटांविषयीची आपली किती मते अशी ऐकीव आहेत, हा प्रश्न मनाला विचारला की उत्तर सुखाचे येत नाही.

‘अयोध्येचा राजा’ला मात्र ही पळवाट नाही. कोल्हापुरात ‘प्रभात’ने तयार केलेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झाला आणि तो आजही पाहता येतो. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती, बाबूराव पेंढारकर गंगानाथ, मास्टर विनायक नारद. चित्रपट सुरू होतो तशी माझ्या मनात नोंद होऊ लागते: खरखर फार आहे; माणसे सावकाश, अक्षर न् अक्षर दाबून बोलतात; तोंडे सारखी समोरच आहेत; शोक जरा जास्तच चाललाय. या नोंदी खोट्या नाहीत. पण त्या कुणाच्या खात्यावर मांडायच्या, हे मी थांबून कधी ठरवते का?

आधी यंत्राचे खाते पाहू. त्या वेळी पार्श्वगायन नव्हते. नट किंवा नटी कॅमेऱ्यासमोर स्वतः गायची आणि पेटी, तबला, सारंगीवाले चौकटीच्या बाहेर, नेपथ्याच्या किंवा झाडाच्या आड बसून साथ करायचे. आधी गाणे ध्वनिमुद्रित करून मग त्यावर ओठ हलवायचे, ही पद्धत आपल्याकडे १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणली. तोवर एकाच वेळी सूर सांभाळायचा, भाव सांभाळायचा, आणि कुठेतरी दडवलेल्या मायक्रोफोनपासून दूरही जायचे नाही. मान वळवली की शब्द गेला. चालत चालत बोलले की आवाज विरला. बाहेरचा आवाजही आत शिरायचा. ‘आलम आरा’चे चित्रण रात्री उशिरा चाले, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात आणि त्या थांबल्याशिवाय संवाद घेता येत नसत. अशा परिस्थितीत नट समोर तोंड करून, एका जागी उभा राहून बोलला, तर तो त्याचा ताठरपणा म्हणायचा की यंत्राने घातलेली अट?

अक्षरे दाबून बोलण्याचेही तसेच. त्या काळी आवाज प्रकाशाच्या मदतीने फिल्मच्या कडेला बारीक पट्टीत छापला जाई. त्या पट्टीत वरच्या वारंवारतांचे आवाज पुरेसे उतरत नसत, आणि स, श, च, छ यांसारख्या व्यंजनांची ओळख नेमकी त्या वरच्या भागात असते. ती गळाली की ‘साच’ आणि ‘चाच’ यांत फरक करायला कान कष्टतो. संवाद प्रेक्षकापर्यंत पोचवायचे तर सावकाश आणि स्वच्छ बोलण्यावाचून उपाय नव्हता. आज गळ्याशी लावलेल्या चिमुकल्या मायक्रोफोनमुळे नट पुटपुटला तरी आपल्याला श्वासासकट ऐकू येते, आणि त्या पुटपुटण्याला आपण खरेपणा म्हणतो. हा खरेपणा नटाच्या मनातून येतो तितकाच यंत्रातूनही येतो, हे मान्य करायला मला जड जाते. कारण ते मान्य केले की जुन्या नटांना दिलेले निम्मे दूषण मागे घ्यावे लागते.

आता मधल्या काळाचे खाते. इथे सदसद्विवेक सर्वांत जास्त टोचतो. फिल्मच्या कडेवरच्या त्या पट्टीवर उमटलेला प्रत्येक ओरखडा, धुळीचा प्रत्येक कण प्रदर्शनाच्या वेळी आवाज होऊन बाहेर पडतो. रिळे गावोगाव फिरली, यंत्रांतून शेकडो वेळा गेली. त्यांच्यावरून प्रती, प्रतींवरून पुन्हा प्रती निघाल्या आणि दर पिढीला थोडा तपशील गळत गेला. मूळ निगेटिव्ह नायट्रेटची. ती लवकर पेटते आणि जपली नाही तर कुजते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. तोवर पहिल्या बोलपटांना तीस वर्षे होऊन गेली होती आणि मूकपटांचा तर बहुतेक ठेवा हातचा गेला होता. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी, प्रभातच्याच पुण्यातल्या जुन्या आवारात, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. प्रभातच्या चित्रपटांची मूळ रिळे तीत जळाली.

म्हणजे आज मला ऐकू येणारी बरीचशी खरखर १९३२ सालची नाही. पहिल्या आठवड्यात चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाने ती ऐकली नव्हती. त्याच्यासमोर कोरी प्रत होती, मोठा पडदा होता, आणि पडद्यावरचा माणूस आपल्या भाषेत बोलतो आहे याचा थरार होता. जी खरखर मी ‘त्या काळच्या आवाजाचा दर्जा’ म्हणून खपवते, तिच्यात आपल्या समाजाच्या हेळसांडीचा मोठा वाटा आहे. त्या हेळसांडीबद्दल मी काय केले? जुने चित्रपट जपण्यासाठी कुणाकडे मागणी केली? नीट केलेली प्रत तिकीट काढून पाहायची संधी आली तेव्हा गेले? की फुकट मिळते ती विटलेली प्रत फोनच्या छोट्या भोंग्यावर ऐकून मत बनवले? तीही प्रत अनेकदा दूरदर्शनवरून उतरवलेली, जवळजवळ चौरस चौकट ओढून रुंद पडद्याएवढी केलेली, त्यामुळे चेहरे चपटे झालेले. दुर्गाबाईंचा चेहरा असा पसरवून पाहायचा आणि मग हावभाव विचित्र वाटतात म्हणायचे, याला न्याय म्हणता येत नाही.

अभिनयाचा प्रश्न याहून अवघड आहे. इथे सगळे यंत्रावर ढकलून मोकळे होता येत नाही.

माझी तक्रार ‘नाटकी’ या शब्दात मावते. पण ज्या सहजपणाच्या अपेक्षेने मी हा शिक्का मारते, तो तेव्हा कुठे होता? मराठी रंगभूमीवर वास्तववादी, आटोपशीर अभिनयाचा जाणीवपूर्वक प्रयोग म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, ते नाट्यमन्वंतर या संस्थेचे ‘आंधळ्यांची शाळा’ जुलै १९३३ मध्ये आले, म्हणजे ‘अयोध्येचा राजा’नंतर जवळपास दीड वर्षाने. त्याआधीची पन्नास वर्षे संगीत नाटकाची होती. मायक्रोफोनविना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द आणि सूर पोचवायचे, हीच तिथली विद्या. नटाचा हात मोठा फिरे, कारण तो लांबून दिसायला हवा. पद संपल्यावर प्रसंग थांबे, कारण ‘वन्स मोअर’ येणार हे ठाऊक असे. हा प्रेक्षकच बोलपटांना आला. त्याला गाणी हवी होती, मोठा शोक हवा होता, ठसठशीत शब्द हवे होते. १९३२ मधल्या मादन थिएटर्सच्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास गाणी होती. तो प्रेक्षक रसिक नव्हता असे कोण म्हणेल? त्याची सवय वेगळी होती. आणि माझीही सवयच आहे. मी ज्याला स्वाभाविक अभिनय म्हणते, तोही एक संकेत आहे. तो माझ्या काळाचा असल्यामुळे मला दिसत नाही, एवढेच. आणखी साठ वर्षांनी कुणी आजच्या मालिका आणि चित्रपट पाहील तेव्हा त्याला आपले कुजबुजणे, आपल्या लांबलचक रिकाम्या नजरा कशा वाटतील, हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

एक स्त्री म्हणून मला स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तारामतीचा शोक लांबला, असे म्हणताना मी काय ऐकत नाही? त्याआधी कित्येक दशके मराठी मनातल्या आदर्श नायिकेचा आवाज पुरुषाचा होता. बालगंधर्वांनी स्त्रीचे बोलणे, लाजणे, रडणे, साडी नेसणे कसे असावे याचे मापच घालून दिले होते. अपवाद होते, कमलाबाई गोखले १९१३ मध्येच फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये होत्या, पण तो मूकपट. अशा वेळी मुंबईच्या सुखवस्तू घरातली, शिकलेली, दोन मुलांची आई असलेली दुर्गा खोटे पडद्यावर येते आणि स्वतःच्या आवाजात बोलते, गाते. त्याआधीच्या ‘फरेबी जाल’मधल्या छोट्या कामावरून समाजाने तिला बोल लावले होते. तरी ती पुन्हा उभी राहते. तिच्या उच्चारात अवघडलेपण आहे, काही जागी सूर कापतो. पण तो कापरा सूर एका खऱ्या बाईचा आहे, आणि मराठी बोलपटात तो जवळपास पहिल्यांदाच उमटतो आहे. ते ऐकण्याऐवजी मी ओरखडे मोजत बसले तर कमतरता माझ्या कानांत आहे.

रंगभूमीची विद्या कॅमेऱ्यासमोर जशीच्या तशी चालत नाही, हेही त्याच वर्षांनी दाखवून दिले. बालगंधर्वांसारखा नटसम्राट १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाला. महाराष्ट्राने ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला, त्या नटाची जादू पडद्यावर उतरली नाही आणि प्रभातशी त्यांची भागीदारी एका चित्रपटातच संपली. प्रतिभा कमी पडली म्हणून नव्हे. कॅमेरा जवळ येतो तेव्हा लागणारी शक्ती वेगळी असते म्हणून. उलट बाजूला केशवराव दाते. तेही रंगभूमीचेच, ‘आंधळ्यांची शाळा’तले. १९३४च्या मराठी ‘अमृतमंथन’मध्ये ते राजगुरू झाले, हिंदीत तीच भूमिका चंद्रमोहनने केली आणि त्याच्या डोळ्यांची आजही आठवण निघते. एकच भूमिका, दोन नट, दोन वेगळ्या ताकदी. असे तोलून पाहायला लागले की ‘नाटकी’ हा शिक्का फार आळशी वाटू लागतो. नाटकातून आलेले सगळे सारखे नव्हते.

१९३६ च्या ‘संत तुकाराम’ने तर मला यातले बरेच शिकवले. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटात अभिनयाच्या तीन तऱ्हा शेजारी शेजारी उभ्या आहेत. विष्णुपंत पागनीस पूर्वी नाटकात स्त्रीभूमिका करत. इथे ते जणू अभिनय करतच नाहीत, अभंगात बुडालेले असतात. जिजाई झालेली गौरी स्टुडिओत किरकोळ कामांपासून सुरुवात केलेली बाई. तिचे खेकसणे, विठ्ठलावर चिडणे, पोराच्या आजारपणात हाती चप्पल घेऊन देवळाकडे निघणे यांत रंगभूमीचा लवलेश नाही, घरातली बाई आहे. आणि सालोमालोचे काम करणारे भागवत पूर्ण नाटकी: भुवया, हातवारे, ठसका सारे मोठे. पण सालोमालो दुसऱ्याचे अभंग आपले म्हणून मिरवणारा ढोंगी आहे. त्याने मिरवायलाच हवे. दिग्दर्शकांनी नाटकीपणा तिथे ठेवला, जिथे तो पात्राचा स्वभाव ठरतो. हा विवेक ज्यांच्यापाशी होता, त्यांना अभिनय कळत नव्हता असे आपण सरसकट कसे बोलतो? या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेला अभंग पुष्कळांना खुद्द तुकोबांचाच वाटला. मुंबईत सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला.

मात्र प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंनी हवा. टिंगल जितकी सोपी, तितकीच पूजाही सोपी आहे, आणि पूजेचा धोका माझ्यासारख्यांना जास्त. जुने ते सारे सोने म्हणायचे, मग पाहायची गरज उरत नाही. नमस्कार करून पुढे जाता येते. म्हणून मला जे वाटते ते लिहिते. ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे गातात तेव्हा हरिश्चंद्र जिवंत होतो, गद्य बोलतात तेव्हा एक मोठा संगीतकार राजाचे कपडे घालून उभा आहे असे वाटते. काही प्रसंग यंत्राची अडचण नसतानाही लांबलेले आहेत. त्या दशकातल्या कितीतरी चित्रपटांत संवाद केवळ बोलता येते म्हणून बोललेले आहेत, गाणी केवळ गाता येते म्हणून घातलेली आहेत. हे दोष त्या माणसांचेच आहेत आणि ते त्यांच्या नावावर मांडण्यात अनादर नाही. ज्या कलावंताचा दोष आपण सांगू शकत नाही, त्याच्याकडे आपण कलावंत म्हणून पाहणे सोडलेले असते.

आणि हे दोष त्यांनाही कळत होते. याचा पुरावा म्हणजे १९३७ चा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा, शांतारामांचाच चित्रपट. म्हाताऱ्या विधुराशी लावलेले लग्न न मानणारी नीरा झाल्या होत्या शांता आपटे, आणि काकासाहेब झाले होते केशवराव दाते. गाणी आहेत, संगीत केशवराव भोळ्यांचे आहे, पण पार्श्वसंगीत मुद्दाम टाळले आहे. प्रसंगात घरातले, रस्त्यावरचे जे आवाज असतील तेच ऐकू येतात. आरशासमोर आपले म्हातारपण पाहणारे काकासाहेब काय भोगत आहेत, ते सांगायला एकही वाद्य वाजत नाही. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘कुंकू’ यांच्यामध्ये फक्त पाच वर्षे आहेत. ज्यांना कुणी शिकवले नाही, ज्यांना आधीचे उदाहरण नव्हते, त्यांनी पाच वर्षांत कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे हे शोधून काढले. आज आमच्या हाती कितीतरी ध्वनिपट्ट्या एकावर एक रचण्याची सोय आहे, तरी प्रत्येक अश्रूखाली व्हायोलिन लावल्याशिवाय आमचा प्रेक्षकावर भरवसा बसत नाही.

तरुणांसोबत हे चित्रपट पाहताना मधेच हशा पिकतो, बहुधा शोकाच्याच जागी. मला राग येतो. तो राग मी तपासून पाहिला. त्यातला काही भाग त्या नटांच्या बाजूने आहे, हे खरे. पण काही भाग वेगळा आहे: ते हसणे मलाही आतून आलेले असते आणि मी ते सभ्यतेने गिळलेले असते. हसणारी मुले निदान चित्रपट जे करतो त्याला उत्तर देत असतात. मी आदराचा चेहरा करून बसलेली असते. त्यांच्या हसण्यावर रागावण्याऐवजी त्यांच्याशी बोलणे माझे काम आहे: हा माणूस एका जागी का उभा आहे, हा शब्द एवढा दाबून का आला, ही खरखर कुठून आली, आणि हे सगळे बाजूला काढल्यावरही तुम्हाला हसू येते का? एवढे सांगूनही हसू आले तर ते हसू प्रामाणिक आहे, आणि ते चित्रपटाने सोसावे. बहुतेक वेळा मात्र येत नाही, असा माझा अनुभव आहे.

या झडतीतून मला जे सापडले ते असे. पहिल्या बोलपटांच्या आवाजाला नाव ठेवताना मी तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करत असते: त्यांच्या यंत्राची मर्यादा, आपल्या समाजाची हेळसांड आणि माझ्या कानांची अधीरता. त्यांच्या अभिनयाला नाव ठेवताना मी माझ्या काळाची सवय निसर्गनियम म्हणून वापरत असते. या चारही गोष्टी वजा केल्यावर जो दोष उरेल तो खुशाल त्यांचा म्हणावा. तो उरतो, पण आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी.

वाचकांना माझी विनंती आहे. ‘संत तुकाराम’ किंवा ‘कुंकू’, यांतला कुठलाही एक चित्रपट मिळेल त्या सर्वांत चांगल्या प्रतीत, फोनवर नव्हे तर मोठ्या पडद्यावर, बऱ्या ध्वनिक्षेपकावर, मधे न थांबता, घरातल्या एका तरुण माणसासोबत पाहा. पहिली काही मिनिटे कान तक्रार करतील. त्यांना सवय होऊ द्या. चित्रपट संपल्यावर ‘त्या काळाच्या मानाने’ हे शब्द न वापरता मत द्या, चांगले किंवा वाईट. आणि आवाज खराब वाटला तर त्या नटांना बोल लावण्याआधी आपल्या चित्रपट संग्रहालयाला एक पत्र लिहा, की हा चित्रपट नीट करून आमच्या गावातल्या पडद्यावर दाखवा, आम्ही तिकीट काढून येऊ.